उंदीरमावशी आणि चावीवाला

ती बाई समोरच्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नसे. ओठांकडे बघे. नवखा माणूस गोंधळून जायचा, मिशीला काही लागलंय की काय म्हणून हात फिरवायचा. तिचाही इलाज नव्हता. उभं आयुष्य तिनं उंदरांची तोंडं बघण्यात घालवलं होतं, आणि उंदराचं सुख डोळ्यांत दिसत नाही, ते ओठांशी येऊन थांबतं.

गल्लीतली पोरं तिला उंदीरमावशी म्हणत. मागून नव्हे, तोंडावर. "पांढरे उंदीर बरं का," ती सांगायची, "तुमच्या मोरीतले नव्हेत. माझे खानदानी आहेत." एखादं पोर विचारायचं, "मावशी, उंदीर हसतो का हो?" मग ती हातातली पिशवी रस्त्यातच खाली ठेवायची आणि जिभेचं टोक वरच्या ओठावरून अलगद फिरवून दाखवायची. "साखरेचं पाणी दिलं की असा हसतो. आणि कडू दिलं की असा." असं म्हणून जबडा वासायची, मान झटकायची. एवढी शिकलेली बाई भर रस्त्यात तोंडं वेडीवाकडी करते आहे म्हणून येणारेजाणारे थबकायचे. तिला त्याचं काही नसे.

तिची प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीच्या तळघरात होती. खिडकी नाही. लाकडाच्या भुशाचा वास, भिंतीला लागून पिंजऱ्यांच्या उतरंडी, आणि दिवसभर तारांवर नखांची बारीक खरखर, जसं लांबवर कुणी धान्य पाखडत असावं. मधोमध एक काचेची पेटी. उंदीर मान खाली घालून वावरतो, म्हणून पेटीच्या तळाखाली तिरका आरसा लावलेला, आणि आरशासमोर कॅमेरा. उंदराच्या तोंडात बारीक नळीनं गोड पाण्याचा थेंब सोडायचा आणि आरशातलं त्याचं तोंड टिपायचं. मग ती फीत अगदी संथ करून, एकेक चित्र पुढे सरकवत बघायची. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात उंदराची जीभ बाहेर येऊन आत जाते. ती जीभ पकडायची, हा बाईंचा धंदा.

त्या बघण्याला एक नियम होता आणि तो तिनं कधी मोडला नाही. फीत बघणाऱ्याला त्या उंदराला काय दिलंय हे कळू द्यायचं नाही. गोड दिलं, कडू दिलं, औषध दिलं की नुसतं पाणी, काही नाही. "ज्याला आधी कळलं," ती विद्यार्थ्यांना सांगायची, "त्याला बघायचं असतं तेच दिसतं." आणि आवाज बंद ठेवायचा. आवाज फसवतो. नुसतं तोंड बघायचं.

ती या कामाला लागली तेव्हा तरुण होती. तिथल्या सरांचं मोठं नाव होतं. सर म्हणत, मेंदूत डोपामिन नावाचं रसायन आहे, तेच सुखाचं रसायन. ते वाढलं की सुख वाढतं, आटलं की सुख आटतं. तसं दिसतही होतं. उंदराच्या मेंदूतून ते रसायन काढून टाकलं की उंदीर बसून राहायचा. समोर दाणा, पाण्याची बाटली, आणि हा उपाशी. नळीनं पोटात अन्न घातलं नाही तर भरल्या ताटासमोर मरून जायचा. "बघ," सर म्हणायचे, "याचं सुखच गेलंय. खाऊन करायचं काय?"

हिचं काम एवढंच होतं, की अशा उंदराच्या जिभेवर गोड थेंब सोडायचा, आणि त्याला काही वाटत नाही हे नोंदवून सरांच्या म्हणण्यावर शिक्का मारायचा. पण फितीत काही वेगळंच दिसलं.

"सर, ते साखर चाटतायत," तिनं जाऊन सांगितलं.

"कोण चाटतायत?"

"ते बसून राहणारे. धडधाकट उंदीर चाटतो तसेच चाटतायत."

सर हसले. "पोरी, ज्यानं अन्न सोडलं तो साखर चाटतो होय? पिंजऱ्यांची अदलाबदल केली असशील. परत कर."

तिनं परत केलं. पुन्हा तेच. सर चिडले, परत कर म्हणाले. ती करत राहिली. सोबतचे लोक पुढे गेले, कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला मानमरातब; ही आपली तळघरात उंदराची जीभ बघत बसलेली. पुढे तिनं उलटा प्रयोग केला. उंदरांचं डोपामिन वाढवलं. ते दाण्यासाठी वेड्यासारखे धावले, दुप्पट खाल्लं, आणि तोंडावर मात्र सुखाची रेष वाढली नाही. तेव्हा तिनं मान ताठ करून सांगितलं, की हवं असणं ही एक गोष्ट, आवडणं ही दुसरी. मेंदूत दोघांची घरं वेगळी. हवंहवंसं वाटतं ते आवडतंच असं नाही, आणि आवडतं ते मागायची ताकद अंगात असतेच असं नाही. जगात आणखीही कुणाकुणाला हेच दिसत होतं, त्यामुळे हळूहळू लोकांनी मान्य केलं. सरांनी मात्र तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

चावीवाला तिच्या आयुष्यात आला तो त्या तळघराच्या दारातूनच. ती सरांच्या हाताखाली होती तेव्हा एका सकाळी दाराचं कुलूप आतून अडकलं. चावी फिरेना. आत उंदीर, त्यांच्या पाण्याच्या बाटल्या बदलायच्या राहिलेल्या, आणि सरांनी दाराबाहेर येरझाऱ्या घालून इमारत डोक्यावर घेतलेली. ती कोपऱ्यावर गेली आणि जिन्याखाली किल्ल्या घासत बसणाऱ्या माणसाला घेऊन आली. त्यानं गुडघा टेकला, कुलपाला कान लावला, दोन तारा आत सरकवल्या.

"लवकर करा हो, आत जिवंत जनावरं आहेत," सर म्हणाले.

"साहेब, तुम्ही बोलत राहिलात तर मला कुलूप ऐकू येत नाही."

सरांना गप्प बसा म्हणणारा माणूस त्या इमारतीनं पहिल्यांदा पाहिला. कुलूप खट्‌ करून सुटलं, आणि त्या क्षणी त्याच्या जिभेचं टोक वरच्या ओठाला लागून परत आत गेलं. बाकी सगळ्यांनी दाराकडे बघितलं. तिनं ते पाहिलं.

त्यानंतर त्या तळघराच्या किल्ल्या फार हरवायला लागल्या.

"शिकून शिकून शेवटी चावीवाला?" तिच्या आईनं कपाळाला हात लावला.

"आई, त्याला त्याचं काम आवडतं. असा माणूस आमच्या अख्ख्या इमारतीत नाही."

लग्न झालं. लेक झाली. संसार सुखाचा झाला, पण मुका. चावीवाला मागणारा माणूसच नव्हता. वाढलं ते खाल्लं, दिलं ते घातलं. ती परदेशी सभेला जाऊन आली की दार उघडून तो पिशवी हातात घ्यायचा, म्हणायचा, "आलीस?" बस, एवढंच. तू नव्हतीस तर करमलं नाही, असं त्याच्या तोंडून कधी आलं नाही.

"मी महिनाभर नसले तर तुम्हाला कळेल तरी का?" ती विचारायची.

"कळेल की. चहा मला करावा लागेल."

ती हसायची, पण कुठंतरी खुपायचं. लोकांना कशाची ओढ का लागते हे ती आयुष्यभर शिकवत आली, आणि आपली ओढ कुणाला आहे का, हे तिला नीटसं कधी कळलं नाही. ही तिची एकच भूक होती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही.

लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरी गेली आणि पुढे चावीवाल्याला कंपवात झाला, मेंदूतलं तेच डोपामिन आटवणारा रोग. आधी हातातली कानस थरथरायला लागली. मग पाय जड झाले, चेहरा गोठल्यासारखा झाला. जिन्याखालचं दुकान बंद झालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थरथर थांबली, पण तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. भूक लागली म्हणायचा नाही, तहान लागली म्हणायचा नाही. समोर पेला ठेवला तर पेला तसाच राहायचा.

लेक आली की रडायची. "आई, तू मेंदूतली एवढी जाणकार, आणि घरात बाबांचा दगड झालाय. काहीतरी कर ना गं."

तिनं डॉक्टरांच्या मागे धोशा लावला. डोपामिनची नक्कल करणारी दुसरी गोळी असते, ती द्या, आणि डोस चांगला द्या.

"देतो," डॉक्टर म्हणाले, "पण काही जणांना याचे वेगळे परिणाम होतात. घरच्यांनी लक्ष ठेवावं लागतं."

"डॉक्टर, मी ते शिकवते," ती म्हणाली. जरा तोऱ्यातच म्हणाली.

आणि चावीवाला उठला. खरंच उठला. जिन्याखालची हत्यारं वर आणवली, गॅलरीत फळी ठोकली, लोखंडी पकड बसवली आणि परत किल्ल्या घासायला लागला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो तिला हाका मारायला लागला. "अगं, कुठे आहेस? ये ना इकडे." ती स्वयंपाकघरात असली तरी हाक, अंघोळीला गेली तरी हाक. प्रयोगशाळेत फोन. तिथली पोरं गालात हसायची. "मॅडम, काकांचा फोन. चौथ्यांदा. काय जादू केलीत?"

"गप्प बसा रे," ती म्हणायची, आणि कानापर्यंत लाल व्हायची. केस पांढरे झालेली बाई दुपारीच कामावरून निघायला लागली. वाटेत घाईघाईनं चालायची. आपण कुणाला तरी इतके हवे आहोत, याचा तिला कैफ चढला होता. घरी आली की तो म्हणायचा, "बस इथं." ती बसायची. तो कानस चालवत राहायचा. ती उठली की पुन्हा, "अगं, ये ना." त्याची बोटं सोलवटली, ती चिंध्या बांधायची आणि म्हणायची, कारागिराचा हात आहे, चालायचंच. त्याची झोप उडाली, ती म्हणायची, एवढी वर्षं बसून काढली, आता कुठे जाग आलीय.

लेक काही दिवस राहायला आली. बाबांना हिंडताबोलताना बघून हरखली. तिनं गॅलरीतल्या बाबांचा फोनवर व्हिडिओ काढला, दुसऱ्या दिवशी मुद्दाम संथ करून आईला पाठवला, खाली लिहिलं, 'तुझ्या उंदरांसारखा केलाय बघ.'

ती तेव्हा विभागाच्या बैठकीत बसली होती. टेबलाखाली फोन धरला. आवाज बंद होता. आधी ती हसली. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे कामाला लागले. इतक्या वर्षांची सवय होती ती. संथ चित्रात चावीवाला पकडीत धरलेल्या कुलपात नवी किल्ली घालत होता. किल्ली फिरली. कुलूप सुटलं. तिनं त्याच्या ओठांकडे बघितलं. ओठ हलले नाहीत. जीभ आली नाही. त्यानं किल्ली काढून खाली टाकली आणि दुसरी कोरी पट्टी उचलली. तोंडावर काहीच नाही. औषधानं हातपाय सुटले होते, जबडा हलत होता, बोलताना भुवया उठत होत्या. चेहरा गोठलेला नव्हता. रिकामा होता.

मग चित्रात उजवीकडून ती स्वतः आली. त्यानं बोलावलं असणार, म्हणून आली होती. त्याच्या शेजारी बसली. त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिनं चित्र थांबवलं, एकेक पुढे सरकवलं, मागे आणलं, पुन्हा सरकवलं. ज्याला हाका मारमारून बोलावलं ते माणूस येऊन बसलं होतं, आणि त्या तोंडावर कसलीही रेष उमटली नव्हती.

टेबलापलीकडून कुणीतरी विचारलं, "मॅडम, तुमचं मत?"

"मी चुकले," ती म्हणाली. बैठकीतल्या कुणालाच ते कळलं नाही.

जगातल्या कुठल्याही उंदरानं एवढं लक्षण दाखवलं असतं, तर तिनं दारातूनच ओळखलं असतं. पण इथं काय दिलंय हे तिला ठाऊक होतं, आवाज चालू होता, आणि आवाज तिला ऐकायचा होता तोच ऐकवत होता.

ती घरी आली. तो गॅलरीत होता. फळीखाली किल्ल्यांचा ढीग, कुठल्याच दाराच्या नसलेल्या. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि कानस थांबवली.

"अहो, एक विचारू? हे करताना बरं वाटतं का तुम्हाला?"

त्यानं विचार केला. "बरं वाटायचं काय त्यात? हवंय."

"आणि मला हाका मारता, मी येऊन बसते. तेव्हा?"

खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. "आत काहीतरी ढकलत राहतं गं. तू आलीस तरी ढकलतंच. पोहोचल्यासारखं वाटत नाही कुठं." त्याची बोटं तिच्या हाताखाली वळवळत होती. "थांबता येत नाही मला."

"गोळी कमी केली तर थांबेल. पण मग तुम्ही परत खुर्चीत. काही मागावंसं वाटणार नाही. मीसुद्धा."

"नको," तो चटकन म्हणाला. मग श्वास घेतला. "हे बघ, मला विचारू नकोस. मला विचारशील तर मी गोळी हवीच म्हणेन. तूच ठरव." आणि तिच्या हाताखालून हात सोडवून त्यानं कानस उचलली.

डॉक्टर म्हणाले, हळूहळू उतरवता येईल, मधला डोस बघू. मधला डोस बघितला. मध्ये काही नव्हतं. किल्ल्या तरी होत्या, नाहीतर खुर्ची तरी. लेकीला कळलं तेव्हा ती भांडायला उभी राहिली.

"बाबा बोलतायत, चालतायत, मला ये म्हणून फोन करतायत, आणि तू त्यांना परत दगड करणार?"

"त्यांना त्यातलं काहीच आवडत नाहीये गं."

"तुला कसं कळलं? तोंड बघून? आई, ते उंदीर नाहीयेत!"

"नाहीयेत ना. उंदराचं तोंड मी नीट बघितलं असतं."

लेक पिशवी भरून त्याच दिवशी निघून गेली. निघताना आईशी बोलली नाही.

गोळी उतरत गेली. गॅलरीतली कानस आधी दुपारची थांबली, मग सकाळची. हाका विरळ झाल्या. प्रयोगशाळेतला फोन वाजला तर पोरं एकमेकांकडे बघायची, आणि फोन दुसऱ्याच कुणाचा असायचा. त्याची शेवटची हाक कुठली, ते तिला सांगता येणार नाही. ती हाक मारली गेली तेव्हा ती बहुधा "आले, आले" म्हणत भांडी पुसत असेल.

तिनं मुदतीआधीच नोकरी सोडली. उंदीर दुसऱ्यांच्या हवाली केले. आता ती त्याच्यासाठी आणि स्वतःसाठी, दोघांसाठी हवं म्हणते. त्याला तहान लागली असेल असं ठरवून पाणी देते. ऊन आलं की खुर्ची उन्हात सरकवते. संत्र्याची फोड सोलून, बिया काढून, त्याच्या ओठांशी धरते आणि थांबते. तो फोड चावतो, रस लागतो, जिभेचं टोक वरच्या ओठाला लागून हळूच आत जातं, कपाळावरची आठी सुटते. ती शेजारी बसून त्याचा हात हातात घेते तेव्हाही ती आठी सुटते. हे ती रोज बघते, आणि हे खरं आहे याबद्दल तिला आता तसूभर शंका नाही.

पण कधीकधी ती उठून आतल्या खोलीत जाते आणि दाराआड उभी राहते. काम काही नसतं. नुसती कान देऊन उभी राहते. बाहेर तो खुर्चीत असतो, शांत. रस्त्यावर सायकलची घंटी वाजते, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढतं. त्याच्याकडून काही येत नाही. येणार नाही हे तिच्याइतकं नीट दुसरं कोण सांगू शकेल? तरी ती थोडा वेळ थांबते, आणि मग आपली आपण बाहेर येते.

बरेच दिवस लेकीचा फोन नव्हता. मग एका सकाळी आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. कामवाल्या बाईचं झालं, पाण्याच्या टाकीचं झालं. मग लेक जरा अडखळली.

"आई, बाबा माझी आठवण काढतात का गं?"

खोटं बोलायला एकच शब्द पुरला असता. दुसऱ्या कुठल्याही आईनं तो बोलून टाकला असता. तिनं खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघितलं.

"नाही काढत," ती म्हणाली.

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मीही आतल्या खोलीत गेले तरी विचारत नाहीत, बाळा. ते बोलावणं नाही आता येणार परत." तिनं टेबलावरचा पेला पुसून ठेवला. "पण तू ये. त्यांनी बोलावलं नाही म्हणून राहू नकोस. येऊन शेजारी बस. त्यांना आवडेल."

"कशावरून?"

"ये, मग दाखवते तुला. कुठं बघायचं ते."

लेकीनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवला. उंदीरमावशीनं नाक पुसलं, पेल्यात पाणी ओतलं आणि त्याच्याकडे गेली.